सुपावाचून पहिला नंबर

हॅल्वरला आपल्या बायकोच्या सुपाचा हेवा वाटायचा. हसू नका. ज्याच्या पोटात दुखतं त्यालाच कळतं.

मिनेसोटातल्या तळ्याकाठी त्याने आयुष्यभर बोटींची जुनी इंजिनं दुरुस्त केली. सगळी विद्या एका वेबसाइटवर उतरवली, एकेक पान हाताने लिहून, वीस वर्षं खपून. त्यात व्हर्नाने हौसेखातर एकच पान घातलं, जंगली तांदळाच्या सुपाचं. झालं! जग त्या सुपावरच तुटून पडलं. भेटींच्या आकड्यांत सूप कायम पहिलं आणि हॅल्वरचा लाडका कार्ब्युरेटर कुठेतरी तळाला. चर्चमध्येसुद्धा लोक त्याला विचारायचे, "तुम्ही सूपवाल्या व्हर्नाचे मिस्टर ना?" हा हसून मान हलवायचा आणि आतल्या आत जळायचा.

यंदा तळं गोठल्यावर त्याने साइट ब्लॉगवर हलवायला घेतली. नव्या जागी प्रत्येक पानाचा पत्ता बदलतो. जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप नव्या पानावर पोचावा, म्हणून दर पानाला नवा पत्ता जोडून द्यावा लागतो. नाहीतर इतक्या वर्षांचा राबता मातीत. हॅल्वरने एकूण एक इंजिनाचा पत्ता जोडला. सुपापाशी मात्र त्याचा हात थांबला.

"राहू दे," तो पुटपुटला. "कळू दे जरा, ही साइट कोणाची आहे ते."

आठवडाभरात कार्ब्युरेटर पहिला आला. साइटवर कुत्रंही फिरकेनासं झालं होतं, पण पहिला तो पहिलाच.

"व्हर्ना, इकडे ये! बघ, पहिला नंबर!"

व्हर्ना हात पुसत आली. "आलास ना वर? मला वाटलंच होतं!" तिचा चेहरा खरोखर फुलला होता. ते बघून हॅल्वरचा जळफळाट आणखीच वाढला.

"आणि तुझं सूप कुठाय?" त्याने खवचटपणे विचारलं.

"ते गेलं वाटतं रे. परवा उघडलं तर पान सापडत नाही म्हणे. माझ्याच हातून काहीतरी बिघडलं असणार. जाऊ दे. तुझं मात्र छान उघडतं हं, मी रोज बघते ना."

"रोज?"

"मग! सकाळी कॉफीबरोबर एकदा, जेवण झाल्यावर एकदा. इडालासुद्धा सांगून ठेवलंय. बहीण आहे, एवढं करते बिचारी. तुझा आकडा इतका बारीक दिसायचा, मला मेलीला बघवायचं नाही."

हॅल्वरने आकड्याकडे पुन्हा पाहिलं. त्यातून व्हर्ना आणि इडा वजा केल्या. उरलं ते बोटांवर मोजण्याइतकंही नव्हतं. त्याचे कान तापले. तो खुर्चीत बसला आणि सुपाचा पत्ता जोडून टाकला.

दोन दिवसांत लोक परत आले आणि सूप पुन्हा सगळ्यांच्या वर जाऊन बसलं.

"तुझं सूप आलं परत," तो खाली मान घालून म्हणाला. "पत्ता जोडायचा राहिला होता. चुकून."

"अगं बाई, खरंच?" व्हर्ना हरखली, पण लगेच तिचा चेहरा पडला. "म्हणजे तुझं परत खाली गेलं की रे!"

आणि तो नको नको म्हणेपर्यंत तिने फोन उचललासुद्धा. "इडा, ऐक. आजपासून तीनदा उघडायचं."