पलीकडच्या गल्लीतलं दुकान

"वेबसाइटचं पान असं हवं," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या आणि समोरच्या पडद्यावर धाकटीचं दुकान उजळलं. मागच्या बाकावर थोरलीचा जीव जळाला.

छोट्या दुकानदारांना वेबसाइट शिकवण्यासाठी वाचनालयात वर्ग भरवला होता. दोघी जावांनी वर्षानुवर्षं एकाच दुकानात बॅगा दुरुस्त केल्या होत्या. मग धाकटीने पलीकडच्या गल्लीत स्वतःचं दुकान थाटलं, वेबसाइट केली आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. तेव्हापासून थोरली वाट वाकडी करून तिच्या दुकानावरून जायची, आत किती माणसं आहेत ते बघायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. नवऱ्याची पंचाईत अशी, की दुकान त्याच्याच भावाच्या बायकोचं. तो गप्प बसायचा, तर त्याचाही तिला राग यायचा.

एका गोष्टीचा मात्र तिला आधार होता. बॅगेचा चामडी पट्टा तुटला, की लोक अजून तिच्याकडेच येत. लांबून येत. "हात ओळखणारे ओळखतातच," असं ती नवऱ्याला ऐकवायची.

बाई समजावत होत्या. पत्ता, वेळ, फोन नंबर पहिल्याच नजरेत दिसावा. फोटो उसने नकोत, आपल्याच कामाचे हवेत. भाषा गिऱ्हाइकाची हवी. 'बॅग दुरुस्ती सेवा' असं कुणी शोधत नाही, 'बॅगेची चेन अडकली' असं शोधतं. धाकटीच्या पानावर नेमकं तेच होतं. बाईंनी तिचं कौतुक केलं, की थोरली बाकावर चुळबुळायची.

मग एक फोटो आला. तपकिरी बॅग, आधी तुटलेला पट्टा, शेजारी तोच जोडलेला. तिरका, घट्ट टाका आणि शेवटी दुहेरी गाठ. थोरलीची तळपायाची आग मस्तकात गेली. ती उभीच राहिली.

"ते काम माझं आहे," ती म्हणाली. "तिनं चोरलंय."

सगळा वर्ग वळून बघू लागला. बाईंनी पान जरा वर सरकवलं आणि फोटोखालची अक्षरं वाचून दाखवली. 'हा टाका माझ्या जाऊबाईंचा. पट्ट्याचं काम मला त्यांच्यासारखं जमत नाही. त्यासाठी त्यांच्याकडेच जा.' खाली थोरलीचा नंबर होता.

मनाचा मोठेपणा लागतो याला, असं पुढच्या बाकावरचा घड्याळवाला म्हणाला. थोरली खाली बसली. तिला लाज वाटली, नाही असं नाही. पण जळफळाट काही विझला नाही, उलट दुप्पट झाला. लांबून येणारी ती सगळी माणसं धाकटीने धाडलेली होती. तिचं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि तेही धाकटीच्याच हातून आलेलं निघालं. त्यापेक्षा तिने चोरी केली असती तर परवडलं असतं.

पुढे बाईंनी ज्याला त्याला आपापलं पान करायला बसवलं. थोरलीने एका बोटाने नाव टाइप केलं, पत्ता टाकला, वेळ लिहिली. काय करता तसं काय करत नाही तेही लिहा, म्हणजे विश्वास बसतो, असं बाईंनी सांगितलं होतं. चेनच्या कामात धाकटीचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ते थोरलीइतकं कुणाला ठाऊक असणार? मग तिने लिहिलं, 'चेनचं काम पलीकडच्या गल्लीत होतं.'

बाई मागून वाकून बघत होत्या. "चांगलं होतं, असं म्हणायचंय का?"

"तुम्हीच लिहा," थोरली म्हणाली. "माझा हात नाही वळत."

बाईंनी तो शब्द घातला आणि त्या पुढच्या माणसाकडे गेल्या. थोरलीने चष्मा पुसून वाक्य परत वाचलं. घाईत बाईंकडून 'चांगलं'वरचा शेवटचा अनुस्वार राहून गेला होता. तेवढा तिने स्वतः दिला.