देणाऱ्याच्या खुर्चीशेजारी

मित्रांनो, मी रुग्णालयातले एक जुने यंत्र आहे. कपड्यांच्या छोट्या कपाटाएवढा माझा आकार, खाली चाके, वर पिशव्या टांगायला हुक. माझ्याशी गाठ पडण्याची वेळ तुमच्यावर न येवो. पण आलीच, तर घाबरू नका. मी चावत नाही, फक्त किंचाळतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटातली गोल वाटी पाण्याने भरून दिवसच्या दिवस गरगर फिरवून पाहिली आणि थेंबही गळत नाही म्हटल्यावर मला खोक्यात बसवले. इथे आलो तेव्हा मोठे डॉक्टर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चला, आता दर वेळी कुणाच्या हाडात सुया खुपसायला नकोत." त्यांचे बोलणे मला कामाला लागल्यावर कळले.

तुमच्या हाडांच्या आत मऊ मज्जा असते. तिथे रक्ताच्या मूळ पेशी राहतात आणि सगळे रक्त त्यांच्यापासून तयार होते. रक्ताचा कर्करोग झाला की हे मूळच बिघडते. मग औषधांनी आजाऱ्याची मज्जा रिकामी करतात आणि दुसऱ्या कुणाच्या निरोगी मूळ पेशी त्याला देतात. या पेशींच्या अंगावर बारीक बारीक पकडी असतात. डॉक्टर त्यांना रिसेप्टर म्हणतात. लहान मूल आईचा पदर धरते तशी पेशी त्या पकडींनी मज्जेला धरून बसते. देणाऱ्याला काही दिवस इंजेक्शने दिली की ही पकड सैल होते आणि पेशी रक्तात उतरतात. पूर्वी त्या हाडात सुया घालून काढाव्या लागत, आता तिथून माझे काम सुरू होते. एका हातातून रक्त घ्यायचे, फिरवायचे, मूळ पेशींचा पातळ थर अलगद वरच्या पिशवीत सोडायचा आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातात परत करायचे. पुढे ती पिशवी आजाऱ्याच्या शिरेत चढवली की पेशी रक्तातून हिंडत हिंडत बरोबर हाडापाशी जातात. रिसेप्टरला मज्जेची खूण पटते आणि पेशी तिथे बूड टेकते. रस्ता कुणी दाखवावा लागत नाही. इतकी वर्षे हेच करूनही मला त्याचे नवल वाटते.

पण माझ्याकडे आजारी माणूस सहसा येत नाही. येतो तो देणारा. खुर्चीत दोन्ही हात लांब करून तासन्‌तास बसतो, नाकावर माशी बसली तरी हलायची सोय नसते. मटणाच्या दुकानातला एक धिप्पाड गडी माझी सुई पाहूनच गार पडला होता. एका वहिनींनी नणंदेसाठी पेशी देता देता तिच्याबद्दलची सगळी गाऱ्हाणी सांगून घेतली आणि उठताना म्हणाल्या, "बरी होऊ दे बाई, भांडायला कुणी नको का?" अशी माणसे मी पाहिली. त्यांतल्या एका मुलीची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचे काम करी. तिचा मोठा भाऊ मुलांना पोहायला शिकवणारा, आणि आता रक्ताच्या कर्करोगाने आजारी, जंतू लागू नयेत म्हणून वरच्या मजल्यावर काचेच्या दारामागे ठेवलेला. दोघांच्या पेशी तंतोतंत जुळल्या होत्या. त्याची मज्जा औषधांनी रिकामी करून झाली होती, म्हणजे मागे फिरायला वाट नव्हती. बहिणीच्या पेशी मिळाल्या नाहीत तर तो वाचणार नव्हता.

त्यांची आई दारापर्यंत आली होती. तिने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "काही झालं तरी मध्येच थांबवायला लावू नकोस हं. दादाचं सगळं आता तुझ्यावर आहे."

"नाही गं थांबवणार," मुलगी म्हणाली.

आई बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि मी सुरू झालो. माझ्यात रक्त गोठू नये म्हणून एक औषध घालतात. ते अंगातले कॅल्शियम ओढून घेते. थोडे ओढले तर ओठांना मुंग्या येतात, आणि तेवढ्यात सांगितले तर इलाज सोपा असतो. म्हणून मला चालवणाऱ्या ताई सारख्या विचारत राहतात.

"ओठांना मुंग्या येतायत का गं?"

"नाही, ताई."

"बोटांना?"

"नाही. छान चाललंय."

छान कसले? तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने दातांत जीभ धरली होती आणि तोंडातून ब्र काढला नाही. बघता बघता तिची बोटे आपोआप आत वळली, हात आखडला, नळी मुडपली आणि मी किंचाळलो. मला दुसरे काही येत नाही. ताईंनी मला बंद केले, धावत जाऊन डॉक्टरांना आणले, तिच्या शिरेत कॅल्शियम सोडले आणि ती बोटे आपल्या हातांत धरून चोळत राहिल्या.

"वेडाबाई, सांगायचं नाही का?"

"बंद नका ना करू," एवढेच ती म्हणत होती.

माझा आवाज ऐकून आई दारात आली. मुलगी घामाने भिजली होती. आईने वर हुकाकडे पाहिले आणि विचारले, "पिशवी ठीक आहे ना?"

आईला दोष देऊ नका, मित्रांनो. जिचा मुलगा वर अर्ध्या वाटेवर लटकला आहे, तिची नजर दुसरीकडे कशी जाईल? तरी मला त्या मुलीचे फार वाईट वाटले. तिने डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने मला पुन्हा हळू वेगाने चालू केले. पिशवी भरली, पेशी पुरेशा निघाल्या आणि त्याच दिवशी त्या भावाला दिल्या. पुढच्या बातम्या मला ताईंच्या बोलण्यातून कळत. त्याच्या रक्तात नव्या पांढऱ्या पेशी दिसू लागल्या तेव्हा त्या माझ्यावरची धूळ पुसता पुसता गुणगुणत होत्या. मग त्याच्या छातीत जंतूंचा संसर्ग झाला. नव्या पेशी अजून मूठभर होत्या आणि संसर्ग त्यांच्यापेक्षा जोरात वाढला. भाऊ गेला.

काही आठवड्यांनी ती मुलगी आली. आईही आली होती, पण बाहेरच्या बाकावरच बसून राहिली. मुलगी माझ्यासमोर उभी राहिली.

"ताई, खरं सांगा. मी हात वाकवला, मशीन थांबलं, म्हणून पेशी खराब झाल्या का? घरी सगळे तसंच म्हणतात. आईसुद्धा."

ताईंनी तिला खुर्चीत बसवले. "अजिबात नाही. मशीन थांबल्यानं पेशींना काही होत नाही. आणि तुझ्या पेशी पोचल्या होत्या गं. त्याच्या मज्जेत रुजल्या होत्या. आम्ही तपासून पाहिलं, त्याचं नवं रक्त तुझंच होतं. त्यांना आणखी थोडे दिवस मिळायला हवे होते, तेवढे मिळाले नाहीत. त्यात तुझं काहीच चुकलं नाही."

दार उघडेच होते. आई केव्हा आत आली ते कुणाला कळले नाही. ती खुर्चीशेजारी खाली बसली, मुलीचा हात मांडीवर घेतला आणि त्या बोटांकडे कितीतरी वेळ पाहत राहिली.

"त्या दिवशी फार दुखलं का गं?"

"हो," मुलगी म्हणाली, "खूप दुखलं, आई." आणि भाऊ गेल्यापासून धरून ठेवलेले सगळे रडू तिने आईच्या कुशीत मोकळे केले. ताईंनी दार लोटून घेतले.

आता माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. ते माझ्याहून वेगाने काम करते आणि किंचाळते म्हणे मंजुळ. मी कोपऱ्यात चादर पांघरून आहे, गरज पडली तरच बाहेर निघतो. तक्रार नाही. एवढेच सांगणे आहे, मित्रांनो, की आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा त्याची विचारपूस कराच, पण त्याला आपल्या अंगातले काही देऊन, कोपरावर पट्टी लावून बाजूला बसलेल्या माणसालाही विचारा, "तुला कसं वाटतंय?" तो म्हणेल, "मला काय झालंय? मी ठीक आहे." तेव्हा लगेच उठू नका. थोडे थांबा आणि पुन्हा विचारा.