बेचकं

पुळी एवढीशी, खसखशीच्या दाण्याएवढी, उजव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात बसलेली — तेल लागलं की दिसेनाशी व्हायची, म्हणून मालिशवाली मावशी आज वाटीत बोटं जरा जास्तच बुडवत होती. पाय पसरलेले, पायांवर बाळ पालथं, आणि कोमट तेलानं खाज अशी पेटलेली की दात ओठात रुतत होते... खाजवायचं नाही. बाळंतिणीसमोर तर मुळीच नाही. अर्धी गल्ली या हातांखालून मोठी झाली, मिशा फुटलेले बाप्ये मला बघून लाजतात, कारण मी त्यांचं सगळं बघितलंय — असं हसत सांगायची ती. आणि तेच हात आता चोरासारखे तेलात दडत होते.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. खरूज आहे, मलम मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकदमच लावायचं, आणि बरं होईस्तोवर कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. मानेपासून कशाला? खाज हाताला, मलम हाताला. तेही वास येतो म्हणून कामावर निघताना धुऊन टाकलं. तेलात किडा गुदमरून मरतो, हे तिनं आपलं आपणच ठरवलं होतं. उभा जन्म तेलात गेला, तेलाचं मला कोण शिकवणार...

बाळानं पायावर पाय घासला. कालही घासत होतं. मावशीनं तळवा उजेडाकडे वळवला — गुलाबी तळव्यावर तसल्याच पुळ्या, पाणी धरलेल्या.

"बघितलंत ना?" बाळाची आई म्हणाली. "रात्रभर नुसती किरकिर. आमच्या नणंदबाईंचे हात बघा, खानावळीतली भांडी घासून कसे फुटलेत. आणि बाळाला घेऊन फिरायच्या दिवसभर! कालच सांगून टाकलं, ताई, आता हात लावायचा नाही."

"डॉक्टरला दाखव गं एकदा."

"त्या लांब राहिल्या की जाईल आपोआप. तुमचे हात कसे, लोण्यासारखे!"

मावशीनं मुठी मिटल्या. बोल. आत्ता बोल... आणि बोलले तर? संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल, एक दार उघडणार नाही, मग खायचं काय, हे तेल?

नणंद दारातच उभी होती, उकळून काढलेल्या दुपट्यांची बादली घेऊन. बाळ तिला बघून हसलं. तिनं बादली खाली ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखे.

मावशी निघाली तशी ती जिन्यापर्यंत मागे आली. "मावशी, खरं सांगा. माझ्यामुळेच ना?"

"नाही गं बाई."

"मग कुणामुळे?"

खाली कुणीतरी नळ सोडला होता, बादली भरत असल्याचा आवाज. मावशी एक पायरी उतरली.

"वहिनी तुमचं ऐकते. तुम्ही सांगा ना तिला," म्हणत नणंदेनं तिचा हात धरायला हात पुढे केला — आणि मावशीनं आपला झटकन मागे ओढला, चटका बसावा तसा.

नणंदेनं स्वतःच्या फुटलेल्या तळव्याकडे पाहिलं. मग हसलीसुद्धा. "तुम्हीपण? बरोबर आहे म्हणा. तुम्हाला अजून चार घरी जायचं असतं."

तिला लागण होऊ नये म्हणूनच ओढला... रस्ताभर मावशी मनाला बजावत होती. तिच्या भल्यासाठीच. पण भल्यासाठी हात ओढणारी बाई तोंड उघडते ना? ती 'तुम्हीपण' म्हणाली तेव्हा मी गप्प राहिले, आणि खरं सांगायचं तर — घटकाभर मला बरं वाटलं. वाचले, असं वाटलं. कुणाच्या लेकीच्या गळ्यात माझं दुखणं बांधून वाचले...

"या मावशी, तेल गरमच ठेवलंय!" पुढच्या घरातली आजी दारातूनच ओरडली, नातू खांद्यावर.

मावशी पायरीवर उभी. खाज थांबली होती, कधी थांबली कळलंच नाही. इतके दिवस सगळा राग या हातांवर काढत होते मी. हात बिचारे काय... मी नेईन तिकडे येतात.