रेवसची लाँच आणि ठमाबाईंचा प्रश्न

मित्रांनो, रेवसच्या धक्क्यापासून जरा आत, खाडीच्या चिखलात एका अंगावर कललेली लाँच तुम्ही पाहिली असेल. तिच्या टपावर बगळे बसतात आणि भरती आली तरी ती हलत नाही. ती मी. म्हातारीला बोलायला कुणीतरी लागतं, म्हणून तुम्हाला थांबवलं.

इथल्याच सुतारांनी मला सागाच्या फळ्यांतून घडवलं. फटींत कापूस ठोकला, अंगाला तेल पाजलं आणि नारळ फोडून पाण्यात ढकललं. रेवस ते मुंबईचा भाऊचा धक्का, हीच माझी वाट. मासळीच्या पाट्या, कॉलेजची पोरं, बाशिंग बांधलेले नवरदेव, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकी, सगळ्यांना मी सुखरूप पोचवलं. नारळी पौर्णिमेला मला पताका लावत. "हिच्यात बसलं की पोटातलं पाणी हलत नाय," असं लोक म्हणत, तेव्हा जन्माचं सार्थक वाटे.

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती अमिषा. मिठागरवाल्या घरातली मुलगी. तिचा थोरला भाऊ प्रज्योत बंदरावर ट्रेलर चालवायचा. मग चांगल्या पगारासाठी तो पोलंडला ट्रक चालवायला गेला. एका हिवाळ्यात तिकडे त्याचा अपघात झाला. पोटाचं ऑपरेशन झालं, पण तो वाचला नाही. घरी आल्या त्या अस्थी.

रक्ताचं कुणी जवळ नव्हतं. तो ज्यांच्या घरात भाड्यानं राहायचा त्या हालिनाबाई तेवढ्या रात्रभर उशाशी बसल्या होत्या. म्हणून त्याच्या आईचा, ठमाबाईंचा, एकच प्रश्न उरला होता. माझ्या पोराच्या तोंडात शेवटचं पाणी कोणी घातलं?

"आये, मोबाइलच विचारील त्यांच्या भाषेत," असं अमिषानं सांगून पाहिलं होतं.

"यंत्राच्या तोंडून मना नाय ऐकायचं," ठमाबाई म्हणाल्या. "तू त्याची बहीण हायस. तू विचार."

म्हणून अमिषानं मुंबईच्या विद्यापीठात पोलिश भाषेच्या वर्गाला नाव घातलं. सकाळी माझ्या टपावर बसून ती मोठ्यानं धडे म्हणायची. आमचा तांडेल शिवदास, म्हणजे मला चालवणारा, तिला चिडवायचा, "काय गो, पोलंडात सुकट विकनार काय?"

"विकीन. तुमी भाव करायला येऊ नका," ती म्हणायची.

पहिलं वर्ष सरलं. त्या वर्गात पाव विकत घ्यायला शिकवतात, वाट विचारायला शिकवतात. गेलेल्या माणसाबद्दल विचारण्याइतकी भाषा तेवढ्यात येत नाही. त्यासाठी पुढच्या, मध्यम पातळीच्या वर्गात बसावं लागतं. अमिषा बसली. ठमाबाई वाट पाहत राहिल्या.

एके दिवशी ठमाबाई लेकीबरोबर विद्यापीठापर्यंत गेल्या. पोलिश शिकवणाऱ्या बाईंनी अमिषाचे प्रश्न तपासून दिले होते. परतीच्या फेरीत माझ्या मागच्या बाकावर बसल्यावर ठमाबाई म्हणाल्या, "इथूनच लाव फोन. घरी तुझा बापूस ऐकेल, त्याला सोसायचं नाय."

फोन लागला. पण माझ्या इंजिनाच्या धडधडीत काही ऐकू येईना. शिवदासनं एकदा वळून पाहिलं आणि भर समुद्रात इंजिन बंद केलं.

"ओ तांडेल, बिघडली काय?" पुढून एक जण ओरडला.

"बिघडली नाय. गप बस जरा."

अमिषानं प्रश्न विचारला. पलीकडून हालिनाबाईंचा म्हातारा आवाज आला. तो हळू येत होता, मध्येच तुटत होता. अमिषाला शब्द न् शब्द कळत होता. तेव्हा मला वाटलं, ही पहिल्याच वर्गात थांबली असती तर बरं झालं असतं.

"काय बोलली गो?" ठमाबाईंनी विचारलं.

अमिषानं फोन कानापासून खाली घेतला.

"घातलं का कोणी पानी?"

"हो" म्हणायला काहीच लागत नव्हतं. तिथे पोलिश जाणणारं दुसरं कोण होतं? पण आईनं यंत्रावर नाही, तिच्यावर विश्वास टाकला होता.

"नाय, आये," ती म्हणाली. "दादा मागत होता. हात करून मागत होता. डॉक्टर नको बोलले होते, म्हणून त्यांनी दिलं नाय. सकाळी देऊ, बरा झाल्यावर, असं त्यांना वाटलं. त्या रडतायत."

ठमाबाईंनी माझा कठडा घट्ट धरला. आयुष्यात माझ्या लाकडाला किती हात लागले, पण तसा हात पुन्हा लागला नाही. मग त्यांनी लेकीच्या हातातून फोन घेतला.

"बाय," त्या मराठीतच म्हणाल्या, "रडू नको. मी असती तर मी पन नसतं दिलं. जगवायचा होता ना आपल्याला." आणि अमिषाकडे वळून, "सांग तिला."

अमिषानं तोंड उघडलं. एवढं सगळं बोलायची तिची तयारी नव्हती. प्रश्न ती घोकून आली होती, सांत्वन कुणी शिकवलं नव्हतं. ती अडखळली, पुन्हा अडखळली. शेवटी तिला जमलं ते एकच साधं वाक्य, "आई म्हणते, तुम्ही तिथे होतात."

पलीकडे हुंदका फुटला. इकडे ठमाबाईंनी पदर तोंडात कोंबला. शिवदासनं खूप वेळानं इंजिन सुरू केलं. कुणी कुरकुर केली नाही.

अमिषानं पुढच्या वर्गाला नाव घातलं नाही. ठमाबाई माझ्यावर पुन्हा कधी चढल्या नाहीत. पुढे मीही जुनी झाले, फळ्या कुजल्या, आणि एका ओहोटीला मला इथे आणून सोडलं.

माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही, मुलांनो. माझं लाकूड आता चुलीच्याही कामाचं नाही. पण आपल्या बंदरात लांबच्या मुलखातली पोरं बोटींवर कामाला येतात. त्यांतलं एखादं तापानं फणफणून धक्क्यावर पडलेलं दिसलं, तर त्याची भाषा येत नाही म्हणून पुढे जाऊ नका. त्याच्या उशाशी बसा. त्याचीही आई कुठल्यातरी गावात कुणाला तरी विचारणार आहे.