न बदललेलं पान

डॉक्टर रेगेबाई बोलता बोलता गप्प झाल्या आणि टेबलावर आडव्या पडलेल्या वर्षालीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बडबड्या डॉक्टरचं गप्प होणं पेशंटला बरोबर कळतं. डोंबिवलीत शुक्रवार म्हणजे लाईट जायचा हक्काचा वार. पंखा बंद होता, सोनोग्राफीचं मशीन तेवढं बॅटरीवर चालू होतं.

"ठोके दिसत नाहीयेत गं," बाई शेवटी म्हणाल्या. "एव्हाना दिसायला हवेत. घाबरू नकोस, पुढच्या शुक्रवारी परत बघू."

घाबरू नकोस म्हणे! नवससायास, गोळ्या, इंजेक्शनं, सगळं करून थकल्यावर हे दिवस गेले होते. वर्षालीने मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. काळ्या पोकळीत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी निपचित पडलं होतं. तिला रडूसुद्धा येईना. तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यातलं छोटं हिरवं पान तिला दिसलं.

ते पान तिथे तिनेच बसवलं होतं.

वर्षाली वर्तकनगरच्या एका कंपनीत अशाच मशीनच्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर लिहायची. स्क्रीनवरचं चित्र मेमरीच्या लहान लहान तुकड्यांवर लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे त्या तुकड्यांनाही पानंच म्हणतात. ही पानं सामाईक. मशीन त्यांवर लिहितं आणि स्क्रीनची चिप तीच वाचते. सगळी पानं सारखी वाचत बसलं तर बॅटरी बसते, म्हणून वर्षालीने शक्कल लढवली. बदललेलं पान तेवढंच परत वाचायचं, बाकीची जुनीच दाखवायची. आणि पान बदललंय की नाही हे बघायला ते अख्खं चाळायचं नाही, चार ठिकाणी डोकवायचं. मशीन बॅटरीवर गेलं की ही काटकसर आपोआप सुरू होते आणि हिरवं पान ही तिची खूण. ऑफिसात तिच्या नावाने केक कापला होता, साहेबांनी पाठ थोपटली होती.

चार ठिकाणी डोकवायचं. आणि तांदळाच्या दाण्यातली फडफड केवढीशी असणार? त्या चार ठिकाणांत ती सापडली नाही, तर स्क्रीनवर जुनंच पान राहणार.

एक तर बाळ गेलं होतं, नाहीतर तिचं काम चुकलं होतं. आपलंच चुकलेलं असू दे, असं तिने जन्मात पहिल्यांदा देवाकडे मागितलं.

"मॅडम, ते हिरवं पान दाबा. बंद करा ते."

"अगं, आडवी राहा बघू. मन घट्ट कर."

"दाबा ना हो! ते मी लिहिलंय. मला माहितीये ते कसं चालतं!"

पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, अशा नजरेने बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि तिची समजूत काढायला म्हणून पान दाबलं. स्क्रीन काळी पडली. चित्र परत आलं, तोच काळोख, तोच दाणा. पण दाण्याच्या मधोमध काहीतरी लुकलुकत होतं. भराभर, न थांबता.

"अगंबाई!" बाई ओरडल्या. "आहेत की ठोके!"

वर्षाली हमसून हमसून रडायला लागली. बाईही हसल्या, पण ते हसू मध्येच विरलं. प्रोब धरलेला त्यांचा हात तसाच राहिला.

"वर्षाली, गेल्या शुक्रवारीही लाईट नव्हती," त्या हळूच म्हणाल्या. "मोहने गावची एक मुलगी आली होती, अक्षदा. ठोके दिसले नाहीत म्हणून आज परत बोलावली. आजही दिसले नाहीत. मघाशीच समोरच्या नर्सिंग होमला पाठवलंय मी तिला. पिशवी साफ करायला."

बाईंनी नर्सिंग होमला फोन लावला. नुसतीच रिंग वाजत राहिली. "पळू नकोस!" असं त्या म्हणेपर्यंत वर्षाली जेल न पुसताच दाराबाहेर पडली होती.

समोरच्या नर्सिंग होमची लिफ्ट बंद. अंधाऱ्या जिन्याने कठडा धरून ती वर पोचली. खाली जनरेटर धडधडत होता. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडं होतं आणि हिरवा गाऊन घातलेली एक मुलगी स्ट्रेचरवर होती. डोळे सुजलेले, हाताला सलाईन. आया स्ट्रेचर आत ढकलणार इतक्यात वर्षाली दारात आडवी उभी राहिली.

"थांबा! हिला आत नेऊ नका!"

बाकावरून अक्षदाची सासू ताडकन उठली. "तू कोन गो हिची?"

काय सांगणार? कोणीच नव्हती ती. वर्षालीला धाप लागली होती. "ज्या मशीनवर बघितलं ना, ते बरोबर दाखवत नव्हतं," ती म्हणाली. "ते चित्र जुनंच राहत होतं. परत बघायला हवं. आत्ता."

अक्षदा कोपरावर रेलून उठली. "म्हणजे माझं बाळ हाय?"

हो म्हणावं, असं वर्षालीला आतून वाटलं. शब्द ओठांवर आला होता. पण एकदा खोटं दाखवून झालं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "नसेलही. पण तुम्हाला जे दाखवलं ते खरं नव्हतं. ते मी बनवलंय. चूक माझी आहे."

सासूने काही बोलायला तोंड उघडलं, पण अक्षदा आधी बोलली.

"आई, माझ्या चपला कुठं हायत?"

म्हातारी जागची हलेना. वर्षालीच खाली वाकली. बाकाखालून चपला काढून तिने अक्षदाच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या आणि आधाराला हात पुढे केला. अक्षदाने तो धरला नाही. स्ट्रेचरची दांडी धरून ती स्वतःच उतरली.