शेवटचा पीळ

"एकदा हातात धरून तर बघा," टूल्सवाला म्हणाला आणि त्याने नट आवळायची बॅटरीची गन माझ्यापुढे केली.

मी हात पुसण्यात वेळ काढला. हात पुसायला फडकं लागतं, म्हणून फडकं शोधण्यात आणखी वेळ काढला. फडकं माझ्याच खांद्यावर होतं. धाकट्याने ते पाहिलं आणि गालातल्या गालात हसला. त्याला वाटलं, दादाचे नेहमीचे आढेवेढे सुरू झाले.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. आमचं दोघांचं वर्कशॉप आहे. गाड्यांची चाकं, ब्रेक, शॉक अब्सॉर्बर, असली कामं करतो. वडिलांनी सुरू केलं, आम्ही ओढतो आहोत. ओढतो हाच शब्द बरोबर आहे, कारण अलीकडे सकाळी शटर वर करतानाच मला संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं.

कोपऱ्यात आमचा कॉम्प्रेसर उभा असतो. वडिलांनी तो कुणाचा तरी वापरलेला घेतला होता, तेव्हाच तो जुना होता. आम्ही त्याला म्हातारा म्हणतो. टाकीतली हवा उतरली की तो न सांगता धडधडायला लागतो आणि मग तो गप्प होईपर्यंत वर्कशॉपमधलं बोलणं बंद. गिऱ्हाइकाचं अर्धं वाक्य तोंडातच राहतं. त्याच्यापासून निघालेला काळा रबरी पाइप दिवसभर सगळ्यांच्या पायात येत असतो आणि त्या पाइपाच्या टोकाला आमची हवेची गन.

धाकटा वर्षभर माझ्यामागे लागला होता की आता बॅटरीची हत्यारं घेऊ. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पाइपची कटकट नाही, आवाज कमी, विजेचं बिल कमी. रस्त्यात कुणाची गाडी अडकली तर गन पिशवीत टाकली की निघालो. "म्हाताऱ्याला काय कडेवर घेऊन जायचं?" असं तो विचारायचा. मीही काही गप्प बसणारा नाही. हवेची गन हाताला हलकी, तिच्यात बिघडण्यासारखं फार काही नाही, दिवसभर राबवली तरी दमत नाही. तुझी बॅटरी ऐन कामात रुसली की तिची समजूत काढत बस, असं मी सुनवायचो. जेवताना, चहा पिताना, गाडीखाली पाठीवर झोपलेले असतानासुद्धा आमचं हेच चालायचं. माझी भावजय एकदा म्हणालीदेखील, की दोन जावा भांडत नाहीत एवढं हे दोघं भाऊ भांडतात.

माझी सगळी कारणं खरी होती. फक्त खरं कारण त्यांत नव्हतं.

खरं कारण माझ्या उजव्या हाताला होतं. आधी थंडीच्या दिवसांत बोटांची टोकं पांढरी पडायची, खडूसारखी. चोळली की पुन्हा लाल व्हायची. मग मुंग्या यायला लागल्या आणि मग मुंग्याही येईनाशा झाल्या. मला वाटलं, चला, बरं झालं वाटतं. कसलं बरं. बोटं होती तिथेच होती, पण त्यांच्याकडून निरोप येणं बंद झालं होतं. कपाची कडी धरली आहे की नाही, हे मला खाली बघून ठरवावं लागायचं. डॉक्टरांनी सुया टोचून पाहिल्या. आयुष्यभर थरथरणारी हत्यारं धरून नसा निकामी होत चालल्यात म्हणाले. जे गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते राखायचं असेल तर गन सोडा. मी हो हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. न जाऊन करणार काय? मला दुसरं येतं काय?

घरात हे एकट्या बायकोला माहीत होतं, कारण माझ्या शर्टाची बटणं तीच लावायची. आधी तिने चेष्टा केली, की या वयात लाड सुरू केलेत. मग चेष्टा करायची थांबली. "अहो, भावजींना सांगून टाका," एवढंच ती रोज बटणं लावताना म्हणायची. मी रोज म्हणायचो, सांगतो.

गन चालवायला मी एक युक्ती काढली होती. उजव्या हाताच्या बोटाने घोडा दाबायचा. दाबणं जमायचं. पण सोडला की नाही, ते बोटाला कळायचं नाही. म्हणून पाइप डाव्या हातात धरायचा आणि नट बसला असं वाटलं की सरळ पाइपच मुडपायचा. हवा अडली की गन थांबलीच. पाइप जुना, मऊ झालेला, मुडपायला सोपा. लोकांना वाटायचं, मी पाइप पायात येऊ नये म्हणून उचलून धरलाय. धाकट्यालाही तसंच वाटायचं. आणि त्यानंतर वडिलांची पद्धत होतीच. गनने नट नुसता बसवायचा, आवळायचा नाही. शेवटचा पीळ लांब दांड्याच्या पान्याने, हातानेच द्यायचा आणि मग पान्याने नटावर दोनदा टकटक करून म्हणायचं, झालं. ते झालं म्हटल्याशिवाय आमच्याकडे गाडी खाली उतरत नाही. लांब पान्याला बोटं लागत नाहीत, तळवा आणि खांदा पुरतो. तेव्हा माझ्या हातून कुणाचं चाक ढिलं राहील अशी भीती नव्हती. भीती होती ती त्या पाइपाची. तो गेला की मी गेलो.

आणि आता बिनपाइपाची गन माझ्यापुढे धरून टूल्सवाला उभा होता.

जॅकवर एका नर्सबाईंची गाडी होती. ब्रेकचं काम उरकलं होतं, चाक तेवढं चढवायचं होतं. बाई बाकावर बसून घड्याळ बघत होत्या, त्यांना दुपारच्या ड्युटीला जायचं होतं. धाकटा म्हणाला, "दादा, तूच लाव. तुला पटलं तरच घ्यायची." आता यावर काय बोलणार? मी गन घेतली. वजन मनगटाला कळलं, बोटांना काहीच कळलं नाही. मी पहिला नट लावला. मुद्दाम मनगट झटकून बोट मागे खेचलं आणि गन थांबली. दुसराही बसला. टूल्सवाला कौतुकाने बघत होता. मलाही क्षणभर वाटलं, अरे, जमतंय की.

तेवढ्यात म्हातारा धडधडायला लागला. त्या आवाजात गनचा ठोका मला नीट ऐकू येईना. तिसरा नट बसला, निदान मला तसं वाटलं, आणि मी जे रोज करतो ते केलं. डाव्या हाताने पाइप मुडपला.

पाइप नव्हता. डाव्या हाताची मूठ हवेत मिटली आणि गन ठोकतच राहिली. माझं बोट घोड्यावर तसंच होतं, मला पत्ता नव्हता. मग खट्कन काहीतरी तुटलं आणि नट निम्म्या बोल्टासकट खाली पडून माझ्या पायाशी आला.

टूल्सवाला भला माणूस. त्याने लगेच चूक स्वतःकडे घेतली. गनचा जोर मीच कमी करून द्यायला हवा होता, नवीन हाताला असं होतं, म्हणाला. मी मान हलवली. पण धाकटा त्याच्याकडे बघतच नव्हता, तुटलेल्या बोल्टाकडेही नाही. तो माझ्या डाव्या मुठीकडे बघत होता. ती अजून मिटलेलीच होती. मग त्याने माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. तिथे बोट अजून घोड्यावर होतं आणि गन जमिनीकडे तोंड करून रिकामीच फिरत होती. त्याने पुढे होऊन हळूच माझं बोट घोड्यावरून काढलं. लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी, तसं.

"आम्हाला नको ही," तो टूल्सवाल्याला म्हणाला. "आमच्या कामाला हवाच बरी."

वर्षभर माझं डोकं खाणारा माणूस हे म्हणत होता. टूल्सवाला गोंधळला, पण सामान आवरून निघून गेला. नर्सबाईंची धाकट्याने माफी मागितली, संध्याकाळी गाडी घरी आणून देतो म्हणाला. त्या चिडल्या नाहीत. जाता जाता त्यांनी माझ्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे एकदा पाहिलं आणि बसस्टॉपकडे गेल्या. मला वाटलं, या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवा बोल्ट बसवायला धाकट्याला बराच वेळ लागला. मी बाकावर बसून राहिलो. माझी मदत त्याने मागितली नाही. काम संपल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"दादा."

मग मी सगळं सांगितलं. सुया, डॉक्टर, पाइप, बटणं. तो ऐकत होता आणि हातातला तुटका बोल्ट फिरवत होता. मला वाटलं होतं, ऐकून आरडाओरडा करेल. तो फार हळू बोलला, तेच जास्त लागलं.

"म्हणून म्हाताऱ्याची वकिली चालली होती," तो म्हणाला. "मी आपला बिलं दाखवत बसलो तुला."

"तुझी कारणं बरोबर होती."

"राहू दे. हवाच ठेवू. मला सवय आहे. पाइप मुडपून चालतंय ना तुझं? चालव की मग. मी काही पाहिलं नाही."

आणि इथे मला राग आला. त्याचा नाही, माझाच. त्याचेही केस पांढरे झाले होते. त्यालाही दिवसभर तीच गन धरावी लागत होती, त्याचीही बोटं उद्या माझ्यासारखी होणार नाहीत कशावरून? मी जागेला चिकटून राहावं म्हणून याने जन्मभर त्या पाइपात अडखळायचं? एवढा स्वार्थ मला झेपणारा नव्हता. आणि खरं सांगायचं तर मी दमलो होतो. लपवून लपवून दमलो होतो.

"त्या टूल्सवाल्याला फोन कर," मी म्हणालो. "उद्या परत ये म्हणावं."

"आणि तू?"

"मी काय? शटर उघडतो, जॅक लावतो. टायरात हवा भरायला म्हातारा लागणारच, त्याच्याकडे बघतो. आणि तूही गन थोडा थोडा वेळच धर. रोज हातांकडे लक्ष ठेव. मी ठेवलं नाही."

तो उठला आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ हत्यारं पुसत राहिला. स्वच्छ असलेलीच पुसत होता.

घरी गेल्यावर बायकोने शर्टाची बटणं काढता काढता विचारलं, की भावजींना सांगितलंत का. मी म्हटलं, त्यालाच कळलं. तिने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही. तेव्हा तिचे हात थांबले, आणि त्या रात्री पहिल्यांदाच ती माझा उजवा हात हातात घेऊन बसली. मला ते दिसत होतं.

बॅटरीची गन येऊन आता बरेच दिवस झाले. धाकट्याचं काम भराभर उरकतं. वर्कशॉप इतकं शांत झालंय की रस्त्यावरून जाणाऱ्यांचं बोलणं आत ऐकू येतं. म्हातारा दिवसातून एखाद्या वेळी धडधडतो आणि मग त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं होऊन गप्प बसतो. संध्याकाळी त्याच्या टाकीत हवेबरोबर साठलेलं पाणी सोडून द्यायचं काम माझं. ते डाव्या हाताने होतं.

पण चाक चढवलं की धाकटा गन बाजूला ठेवतो आणि हाक मारतो, "दादा, पीळ." मग मी लांब पाना घेऊन येतो. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, एवढी भारी गन असताना हे हाताने कशाला? धाकटा म्हणाला, "आमच्यात शेवटचा पीळ दादाच देतो. त्याशिवाय गाडी उतरत नाही."

मी पाना नटावर चढवतो. दोन्ही तळवे दांड्यावर ठेवतो, खांद्याचा भार टाकतो. नट हलत नाही. केसभरही हलत नाही. मी पाठमोरा असताना धाकट्याने तो आधीच हाताने पुरता आवळलेला असतो. बोटं गेली तरी खांद्याला एवढं कळतं.

मी दात आवळतो, थोडा कण्हतो, जोर लावल्यासारखं करतो. धाकटा शेजारी उभा राहून ते नीट बघतो. मग मी पान्याने नटावर दोनदा टकटक करतो आणि म्हणतो, "झालं."

"झालं?" तो विचारतो.

"झालं. उतरव गाडी."