काय कमी आहे तुला?

शेवटच्या साध्या दिवशी आई कोथिंबीर निवडत होती. स्वयंपाकाच्या बाईंनी आधीच निवडलेली. "आजी, राहू द्या, साहेब मला बोलतात," म्हणत बाईंनी ताट उचलून नेलं. आईचे हात तसेच मांडीवर राहिले.

सातपूरला उन्हाळाभर गल्लीतल्या बायकांबरोबर पापड लाटणारे हे हात. माझा धाकटा भाऊ कुंदन प्लॉटच्या धंद्यात वर आला, गंगापूर रोडला चौदाव्या मजल्यावर घर घेतलं आणि आईला तिथे आणून ठेवलं. 'ठेवलं' हाच शब्द बरोबर आहे.

त्या दिवशी मसाजची खुर्ची आली. आईला झोप येत नव्हती, जेवण जात नव्हतं, बोलता बोलता रडू यायचं. मी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली होती. कुंदनने ती परस्पर रद्द केली आणि खुर्ची मागवली.

"चार दिवस सातपूरला सोड ना रे," आई म्हणाली.

"तिथे काय ठेवलंय? इथे काय कमी आहे तुला?"

"कमी कसलं? गच्चीवर पापड घातले तर सोसायटीची नोटीससुद्धा घरपोच येते."

कुंदन खो खो हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच खुर्चीत गेलेली होती. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. बाल्कनीतल्या कुंडीत तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या निघाल्या, कित्येक दिवसांच्या. कुंदनच्या बायकोने, मोहिनीने, त्या मातीसकट पिशवीत भरल्या. "ताई, कुठे बोलू नका हं. एवढं सगळं असताना असं, लोक काय म्हणतील?"

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, भाग्यवान बाई. मी चहा देत राहिले.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला. कावळे समोरच बसले होते, शिवत नव्हते. आईची काहीतरी इच्छा राहिली असणार, म्हणून कुंदन हात जोडून एकेक कबूल करू लागला. "आई, तुझ्या नावाने हॉल बांधतो. आई, देवीला चांदीचा मुकुट देतो."

"अजून मोठं बोल," मामा म्हणाले.

बोली चढत गेली. कावळे हलेनात. शेवटी कुंदन वैतागला. "ताई, तू तरी सांग, काय पाहिजे होतं तिला?"

मी पिंडासमोर उभी राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"आई, तू आजारी होतीस. मनाने आजारी होतीस. याला ठाऊक होतं आणि याला त्याची लाज वाटत होती. गोळ्या तू विसरली नाहीस, आई. तू त्या कुंडीत टाकल्यास. याच्या त्या घरात तुला जगायचं नव्हतं."